कोंदट म्हणजे किती हर्ट्झ?

पहिला अभिप्राय आईचा. चहाचा कप हातात घेऊन ती बेडरूमच्या दारात, चौकटीला टेकून उभी होती. मी लॅपटॉपवर प्ले दाबलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, “सूर जुळवून झाले का रे तुझे? गाणं कधी सुरू होणार?”

गाणं सुरू होऊन पस्तीस सेकंद झाली होती.

तीन मिनिटं पन्नास सेकंदांची ही धून मी गेल्या उन्हाळ्यात घरीच रेकॉर्ड केली. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, नुसती गिटार. म्हणजे नुसत्या गिटारी: दोन अकूस्टिक, दोन इलेक्ट्रिक, खाली एका मित्राकडून उसना आणलेला बेस आणि ठेक्यासाठी गिटारच्याच पोटावर मारलेल्या थापा. लहानपणी आमच्या घरी सुनील गांगुलींच्या कॅसेटी होत्या. सिनेमातली गाणी, पण शब्दांऐवजी मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली हवाइयन गिटार. ती ऐकताना कधी शब्दांची आठवण झाली नाही, कारण तो माणूस तारेवरून पट्टी सरकवत चक्क गायचा. तसं काहीतरी आपल्या हातून व्हावं, एवढीच हौस. पंचेचाळिसाव्या वर्षी ही हौस कशाला, असं आमच्या हिने विचारलं होतं. उत्तर अजून दिलेलं नाही.

आमचं घर भांडुपला, रुळांच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. लोकल रात्री एकच्या सुमारास थांबतात आणि चारच्या आसपास पुन्हा सुरू होतात. मधल्या वेळात एखादी मालगाडी, एखादी लांब पल्ल्याची एक्स्प्रेस, कुत्री. रेकॉर्डिंग करायचं ते एवढ्याच वेळात. मे महिना, खिडक्या लावलेल्या आणि पंखा बंद, कारण कंडेन्सर माइकला पंख्याचा वारासुद्धा ऐकू येतो. कोपरातून घाम ओघळून गिटारच्या कडेवर पडायचा आणि उजवा हात सटकायचा. फ्रिजची घरघरही यायची म्हणून तोही बंद करायचो. एकदा परत लावायला विसरलो, सकाळी दूध नासलं, आणि त्यावर घरात जे ऐकून घेतलं तोही एक अभिप्रायच. बायको त्या दिवसांत हॉलमध्ये झोपत होती. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

महिनाभराने सगळे ट्रॅक एकमेकांत जुळवून मिक्स तयार झाला. एकेक ट्रॅक सुटा ऐकला की जीव हरखायचा: ही अकूस्टिक काय गोल वाजतेय, ही इलेक्ट्रिक काय रुंद पसरलीय! सगळं एकत्र लावलं की मात्र काहीतरी बिनसायचं. पण तोवर मी ती धून दोनेकशे वेळा ऐकलेली, त्यामुळे बिनसलेलंही सवयीचं झालं होतं.

मग मित्रांना पाठवली. “कडक!” “भारी रे.” अंगठा. अंगठा. एकाचं “अप्रतिम” मी पाठवल्यापासून वीस सेकंदांत आलं. तीन मिनिटं पन्नास सेकंदांची धून त्याने कशी ऐकली असेल याचा मी फार विचार केला नाही. चूक त्याची नव्हतीच. मी विचारलं होतं, “कसं वाटलं?” लग्नाच्या पंगतीतून उठताना यजमान हात जोडून “जेवण कसं होतं?” म्हणतो, तेव्हा आमटी खारट होती असं कोणी सांगतं का?

पुढच्या खेपेला प्रश्न बदलला. कुठे कंटाळा आला? कितव्या मिनिटाला हात दुसरीकडे गेला? कुठलं वाद्य ऐकूच आलं नाही? सहा जणांना विचारलं, त्यातल्या चौघांनी पहिल्याच मिनिटातली जागा सांगितली, तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदाच्या आसपासची. म्हणजे आईचं बरोबर होतं. सुरुवातीला बेचाळीस सेकंद नुसत्या सुट्या तारांची छेडछाड होती. ती बसवायला मला तीन रात्री लागल्या होत्या, आणि ती तिथे होती तीही फक्त त्याच कारणाने. अकरा सेकंद ठेवली, बाकी कापली. कापताना त्रास झाला, दुसऱ्या दिवशी आठवणही राहिली नाही.

बेसचा घोळ मात्र इतका सहज सुटला नाही.

ऑफिसातला एक सहकारी मुलुंडला राहतो. शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, कान तयार आहे. रविवारी सकाळी त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, त्याच्या गाडीत बसून आम्ही मिक्स लावला. पहिला बेसचा सूर आला आणि कप होल्डरमधली टोलची चिल्लर वाजायला लागली. दुसऱ्या सुराला दाराचं पॅनल घुमलं. त्याने आवाज कमी केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “विसर्जनाला वाजवायचंय का हे?”

मला कळेना. घरी तर बेस ऐकूच येत नव्हता. उलट तो कमी पडतोय म्हणून मीच दर खेपेला थोडा थोडा वर ढकलला होता.

घरी येऊन बेसची ए ची मोकळी तार, ५५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५५ कंपनं, तेवढीच लूपवर लावली आणि खुर्चीतून उठलो. आमची ती खोली दहा फूट बाय अकरा फूट, आणि खुर्ची बरोबर दहा फुटांच्या मधोमध, कारण एका बाजूला पलंग आणि दुसऱ्या बाजूला कपाट. एक पाऊल दाराकडे टाकलं, बेस थोडा वाढला. आणखी एक पाऊल, आणखी वाढला. दाराच्या चौकटीशी पाठ टेकली तर छातीत जाणवायला लागला. परत मधे आलो, गायब. बायको हॉलमधून बघत होती. मी त्या खोलीत चार वेळा पुढे-मागे गेलो, एखाद्याला नवस फेडायचा असावा तसा.

गणित साधं निघालं. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जिची अर्धी लाट नेमकी मावते, ती कंपनसंख्या येते ५७ हर्ट्झच्या आसपास. ती लाट खोलीत ठाण मांडून बसते: भिंतींपाशी जोरात, मधोमध जवळजवळ शून्य. माझी धून ए मध्ये, खर्ज ५५ चा, आणि मी बसलो होतो शून्यावर. म्हणजे इतके दिवस मी बेस मिक्स करत नव्हतो, आमच्या बिल्डरने पाडलेली खोली मिक्स करत होतो. कपाट काही हलणार नव्हतं. खुर्ची दोन फूट मागे घेतली आणि बेस पाच डेसिबलने खाली आणला. तेव्हापासून बेसबद्दल घरच्या स्पीकरवर माझा विश्वास नाही. आधी हेडफोन, मग ती गाडी.

काकांकडे मी गेलो तो यानंतर.

काका म्हणजे एका मित्राचे सासरे. राहायला दादरला, हिंदू कॉलनीत. सत्तरी ओलांडली आहे. हयात ताडदेव-महालक्ष्मीकडच्या स्टुडिओंमध्ये गेली, रेकॉर्डिस्टच्या हाताखाली आणि नंतर स्वतः रेकॉर्डिस्ट म्हणून. साठ-सत्तर वादक एका हॉलमध्ये बसून एकदम वाजवायचे आणि एकाचा सूर चुकला की सगळ्यांचा टेक पुन्हा, त्या काळातला माणूस. फोन केला तर म्हणाले, “फोनवर काही पाठवू नकोस. वेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ये. आणि शेवटी ते लिमिटर लावलं असशील ना, ते काढून आण.”

“काका, तुम्हाला कसं कळलं लावलंय ते?”

“सगळे लावतात.”

लावलं होतंच. लिमिटर आवाजाची टोकं दाबतं, मग सगळंच वर चढवता येतं. बाजारातल्या गाण्यांच्या तोडीस तोड मोठं वाजावं म्हणून मी मिक्स पार छतापर्यंत दाबून नेला होता, मीटरवर उणे ८ लफ्स. (लफ्स म्हणजे गाणं एकूण किती मोठं वाजतं त्याचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं.) स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी साधारण उणे १४ ला आणून ठेवतात, हे वाचलेलं होतं, पण वाचणं आणि हात आवरणं वेगळं. म्हणजे माझी धून तिथे सहा डेसिबलने खाली येणार, मोठेपणा जाणार आणि दाबून चपटी केलेली तेवढी उरणार. लिमिटर काढलं, सगळ्यात मोठा आवाजही शून्याच्या चारेक डेसिबल खाली राहील असं बघितलं आणि २४ बिटची फाइल काढली.

काकांकडे अजून ते पांढऱ्या कोनचे यामाहाचे एनएस-१० स्पीकर आहेत, १९७८ साली निघाले तेच मॉडेल, एके काळी जगभरच्या स्टुडिओंमध्ये दिसायचं. त्यात काही लपत नाही आणि काही गोडही लागत नाही. काकांनी फाइल लावली, आवाज इतका कमी केला की त्यावरून आरामात बोलता येईल, आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून गेले.

“काका, इथे बसून ऐका ना जरा.”

“ऐकतोय इथूनच.”

आधण उकळेपर्यंत गप्प. मग आतूनच आवाज आला, “अंगण कोण झाडतंय रे तुझ्या गाण्यात?”

मी कान दिला. खरंच, एवढ्या हळू आवाजात खराट्यासारखी सप-सप, सप-सप तेवढी ऐकू येत होती. ती माझी ऱ्हिदम गिटार, धुनेच्या मागे ठेका धरणारी. डावीकडे एक, उजवीकडे एक, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. ज्या धुनेसाठी हा सगळा खटाटोप, ती तिच्या मागे कुठेतरी पुटपुटत होती. घरी मी नेहमी आवाज चढवून ऐकायचो. मोठ्या आवाजात खालचे आणि वरचे सूर दोन्ही भरून येतात, सगळं श्रीमंत वाटतं. आवाज उतरवला की कान ते दोन्ही टोकांकडचे आधी सोडून देतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय. वर माझं प्रत्येक नवं व्हर्जन आधीच्यापेक्षा थोडं मोठं असायचं, त्यामुळे ते मला दर वेळी चांगलंही वाटायचं.

चहा घेऊन काका बसले आणि मग नीट ऐकलं. अर्ध्यावर थांबवून म्हणाले, “कोंदट आहे.”

मी वही-पेन घेऊन गेलो होतो. “कोंदट म्हणजे किती हर्ट्झ, काका?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वही मिटली. “जुलैमध्ये बंद खोलीत ओले कपडे वाळत घातलेस की जे होतं, ते कोंदट. हर्ट्झ तू शोध.”

शोधले. ईक्यू म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायचं साधन. त्याचा एक अरुंद पट्टा दहा-बारा डेसिबलने वर उचलायचा आणि खालून वर हळूहळू फिरवत न्यायचा. जिथे खोलीत ओले कपडे लटकायला लागतात, ती जागा. माझ्याकडे ती सव्वादोनशेच्या आसपास सापडली. हा खेळ मला इतका आवडला की पुढचे काही दिवस मी लोकांचे शब्द गोळा करून ते जागेवर बसवत होतो. कोंदट म्हणजे दोनशे ते चारशे. ‘डब्यात वाजतंय’ म्हणजे त्याच्या वर, आठशेपर्यंत. ‘बोचतंय’ किंवा ‘चिरकं आहे’ म्हणजे अडीच ते चार हजार, जिथे तार छेडायचं पिक तारेला घासतं. ‘अंग नाही’ म्हणजे बहुतेक वेळा आपणच शंभर-दीडशेच्या आसपास जास्त कापलेलं असतं. ज्यांना ईक्यू म्हणजे काय हे ठाऊकही नाही त्यांचे शब्द जास्त नेमके निघाले. ज्यांना ठाऊक आहे ते थेट औषध सांगतात, “तीन के जरा खाली घे,” म्हणजे तीन हजार हर्ट्झ. ते औषध दहात सहा वेळा भलत्याच दुखण्याचं असतं.

सव्वादोनशेला चार डेसिबल कापून मी आठवड्याने पुन्हा दादरला. काकांनी ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, “माइक कुठे ठेवला होतास?”

“गिटारच्या भोकासमोर. तिथून आवाज येतो ना.”

“तिथून हवा येते. आता कापत बसण्यापेक्षा आधी तिथून उठव की त्याला.”

मोठ्या पोटाच्या अकूस्टिकमधली हवा साधारण शंभर हर्ट्झला घुमते, वरची फळी दोनशेच्या आसपास, आणि मी माइक नेमका त्या तोंडाशी लावला होता. बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या), वीतभरापेक्षा थोडा लांब आणि किंचित तिरका ठेवून वाजवलं तेव्हा ईक्यूची गरजच जवळजवळ संपली.

पण त्याआधी, पहिल्याच भेटीत, त्यांनी जुन्या मिक्सरवरचं मोनोचं, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करणारं, बटण दाबलं होतं. तेवढं सांगायलाच हवं, कारण त्या प्रकाराने मी आधी लोकलमध्ये हैराण झालो होतो. सकाळच्या स्लो लोकलमध्ये, दाराजवळच्या कोपऱ्यात, हेडफोन विसरल्यामुळे फोन कानाला लावून धून ऐकत होतो. एकच स्पीकर असलेला जुना फोन. त्यात दोन्ही ऱ्हिदम गिटारी पोकळ, पाइपात तोंड घालून वाजवल्यासारख्या. फोनच भिकार आहे असं म्हणून मी विषय सोडून दिला होता. काकांनी बटण दाबल्यावर त्यांच्या स्पीकरमधूनही तोच पाइप.

“एकच टेक दोन्हीकडे टाकलायस,” ते म्हणाले. विचारलंसुद्धा नाही.

टाकला होता. आवाज रुंद व्हावा म्हणून एकच टेक कॉपी करून उजवीकडचा पंधरा मिलिसेकंद मागे सरकवला होता. हेडफोनवर भव्य वाटायचं. पण दोन्ही बाजू एकत्र झाल्या की ती उशिराची लाट पहिलीला जागोजागी खाऊन टाकते. पंधरा मिलिसेकंदांचा फरक असला तर ३३, १०० आणि १६७ हर्ट्झला, आणि तसंच वर वर चढत जाताना दर टप्प्यावर एक खड्डा. कंगव्यासारखं दिसतं म्हणून त्याला कोम्ब फिल्टरिंग म्हणतात. उपाय एकच: तोच भाग दोनदा खराखुरा वाजवायचा. दोन वेळा वाजवताना हाताचा जो नकळत फरक पडतो, तोच खरा रुंदपणा. म्हणजे पुन्हा रात्रीचे दीड, पुन्हा फ्रिज. एव्हाना जून उजाडला होता आणि पत्र्यावर पावसाचे थेंब. आमच्या खालच्या मजल्यावाल्यांनी खिडकीवर पत्रा घातलाय. तो पाऊस दोन टेकमध्ये आहे आणि राहू दिलाय, कारण तो डावी-उजवीकडे वेगवेगळा पडलाय.

पुन्हा वाजवायचंच आहे म्हटल्यावर खराटाही काढून टाकला. धून चालू असताना ऱ्हिदम सहाही तारांवर झोडायची नाही, खर्जाच्या तीनच तारा, त्याही तळव्याने दाबून. धून श्वास घेते तिथेच फक्त हात मोकळा. लीडचा, म्हणजे धून वाजवणाऱ्या गिटारीचा, आवाज मी एक डेसिबलही वाढवला नाही, तरी ती पुढे आली. काकांचं म्हणणं होतं, “स्टुडिओत आम्ही अरेंजरला सांगायचो, व्हायोलिनला गप्प बसव, मग बासरीचा फेडर कशाला चढवायला लागतोय?”

तिसऱ्या भेटीत त्यांनी एक भुंगा पकडला. दोन मिनिटं दहा सेकंदांना सगळं थांबतं आणि एकटी इलेक्ट्रिक उरते. तिथे बारीक ‘झ्झ्झ’. माझी इलेक्ट्रिक सिंगल कॉइलची, म्हणजे तारेचा सूर पकडायला एकेरी गुंडाळी असलेली, आणि तिला आजूबाजूची वीज ऐकू येतेच. गिटार घेऊन खुर्चीत गोल फिरलं की एका कोनात भुंगा कमी होतो हे ठाऊक होतं. लॅपटॉपचा चार्जरही काढून ठेवायचो. तरी हा राहिला होता. दोन रात्री घालवल्यावर सापडला. हॉलमध्ये बायको झोपलेली, तिथला पंखा दोनवर, आणि रेग्युलेटर जुना गोल फिरवायचा. तो पंखा हळू करताना विजेची लाट मधेच कापतो, आणि त्या कापण्याचा आवाज भिंतीपलीकडे माझ्या गिटारीत यायचा. पाचवर ठेवला की गायब. बायकोला कारण सांगितलं, ती म्हणाली, “म्हणजे तुझ्या संगीतासाठी मी वाऱ्यात झोपायचं.” पण ठेवला.

गंधाराचं प्रकरण मात्र मी कधी कल्पनाही केली नव्हती तिथून आलं.

मावशी गिरगावात राहते. विशारद आहे, चाळीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेतल्या. गिटारशी तिचा काही संबंध नाही, म्हणूनच तिला हेडफोन दिले. डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, “छान आहे रे. पण गंधार चढा लागतोय तुझा. शेवटी जिथे थांबतोस ना, तिथे तर फारच.”

“अगं मावशी, ट्यूनर लावून वाजवलंय. हे बघ.” मी फोनवर ॲप काढलं, गिटार घेऊन सूर दाखवला. “बघ, हिरवा दिवा.”

“दिव्याला काय कळतं त्यातलं?”

घरी येताना गाडीत आकडेमोड केली. माझा षड्ज २२० हर्ट्झ. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप उमटतो तो त्याच्या सव्वापट, म्हणजे २७५. गिटारच्या फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेल्या, त्यावरचा गंधार येतो २७७.२. सुमारे सव्वादोन हर्ट्झने चढा. दिवा बरोबर होता आणि मावशीही. पेटीवरचा जुना राग तो हाच. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर जी बंदी घातली, तिच्या मागच्या तक्रारींत पेटीच्या या पक्क्या, सारख्या कापलेल्या सुरांचीही तक्रार होती. बंदी मला पटत नाही, पण मावशी बोलल्यापासून तो शेवटचा सूर कानाला टोचायला लागला, आणि एकदा टोचायला लागला की सुटका नाही.

तेवढाच एक सूर पुन्हा घ्यायचं ठरवलं. जी ची तार, सहावा फ्रेट. तार किंचित उतरवली. सुटा वाजवला तर काय सांगू, तंबोऱ्यात विरघळल्यासारखा. मिक्समध्ये बसवला आणि तो थरथरायला लागला: वँव-वँव-वँव, सेकंदाला दोनदा. कारण मागे ऱ्हिदमच्या ए कॉर्डमध्ये तोच गंधार फ्रेटवरचा, २७७ चा. दोन गंधार एकमेकांशी भांडत होते. मग शेवटच्या कॉर्डमधून गंधार काढूनच टाकला, फक्त षड्ज आणि पंचम ठेवले. थरथर थांबली. मावशीने फोनवर ऐकलं, “हां, आता बसला.” मग लगेच, “मधे दुसऱ्या ओळीतला निषाद पण बघ जरा.” तो मी बघितला नाही. एकेक सूर असा उतरवत बसलो तर मला सतार घ्यावी लागेल, आणि ती ठेवायला त्या खोलीत जागा नाही.

सगळ्यांचं सगळं ऐकलं असंही नाही. रिव्हर्बवरून, म्हणजे सुरामागे किती घुमू द्यायचं यावरून, काका आणि मुलुंडकर यांचं कधीच जमलं नाही. त्याचं म्हणणं, “अजून हवेत सोड.” काकांचं म्हणणं, “देवळात कशाला वाजवतोयस?” आधी २.८ सेकंद घुमत होतं आणि सुरावरून सुरावर सरकताना मागची शेपटी पुढच्या सुराला चिकटायची, हे मलाही दिसत होतं. १.६ वर आणलं, सूर सुटल्यावर तीस मिलिसेकंद थांबून मगच घुमायला लागेल असं केलं. काका अजूनही जास्त म्हणतात. मला ते देऊळ थोडं हवं आहे. एका ओळखीच्या पोराने सांगितलं की यात बीट टाका, लोक बारा सेकंदांत पुढे जातात. त्याचं म्हणणं लोकांबद्दल बरोबर असेल.

अकरावं व्हर्जन ऑगस्टमध्ये झालं, गणपतीच्या आधी, ढोलपथकांचा सराव संध्याकाळचं काही ऐकू देईनासा झाला त्याच्या थोडं आधी. काकांनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि या खेपेला अंगण कुणी झाडत नव्हतं. गाडीत चिल्लर वाजली नाही. लोकलमध्ये जुन्या फोनवर दोन्ही गिटारी होत्या.

रविवारी दुपारी आई बेडरूममध्ये पलंगावर बसून गवार मोडत होती. मी म्हटलं, “ऐक, झालं आता.” लावलं. अकरा सेकंदांनी धून सुरू झाली, तिने मान वर केली नाही, गवार मोडत राहिली. शेवटचा गंधार विरल्यावर म्हणाली, “हे तेच ना? आधीचं बरं होतं. त्यात ते खालून घुम-घुम वाजायचं, ते छान होतं. ते का काढलंस?”

मी तिच्याकडे बघितलं. ती खोलीच्या बरोबर मधोमध बसली होती.

“काढलं नाही,” म्हटलं. “तू दारात जाऊन उभी राहा बघू.”

“आता दारात कशाला?”

“जा तर.”

गवारीचं ताट बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकत ती उठली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली, पहिल्या दिवशी होती तशीच. मी पुन्हा प्ले दाबलं. बेस आला.

“हां,” ती म्हणाली. “आहे की.”